बंद आहे ना

"हे बघा बाबा, इथून बंद," जावई म्हणाला आणि त्याने मोबाईलवर अंगठा टेकवला. मागच्या अंगणातल्या भिंतीवर एक पांढरी डबी बसवलेली होती. तिच्यावरचा हिरवा दिवा विझला आणि मघापासून नुसताच गुरगुरणारा पाण्याचा पंप गप्प झाला. "झालं. आता खुशाल उघडा."

तोडकर पंपापाशी उकिडवे बसले होते. त्यांनी डबीकडे पाहिलं, पंपाकडे पाहिलं आणि हात आपल्या गुडघ्यांवरच ठेवले.

तोडकर हे त्यांचं आडनाव नव्हे. कापड रंगवायच्या कारखान्यात ते उमेदीच्या वयापासून इलेक्ट्रिशियन. तिथे कायम ओली फरशी, वाफ आणि पायात घोट्यापर्यंत रंगीत पाणी. अशा जागी कुठलंही मशीन उघडायचं झालं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "तोडलंय का?" समोरचा भाबडेपणाने म्हणायचा, हो, बंद केलंय. की यांचं डोकं फिरलंच म्हणून समजा. "बंद केलंय का ते मी विचारलंच नाही. तोडलंय का?" या तोडण्यावरून कुणीतरी तोडकर म्हणायला सुरुवात केली आणि नाव असं चिकटलं, की नव्या मॅनेजरने एकदा भर मीटिंगमध्ये "मिस्टर तोडकर" म्हणून हाक मारली. अख्खा विभाग माना खाली घालून हसला. तोडकर मात्र उठून उभे राहिले आणि "हजर आहे साहेब" म्हणाले.

चेष्टा व्हायची, पण त्यांचं म्हणणं साधं होतं. बटण असतं ते मशीन थांबवायला. बटणामागे खटकन उचलणारा कॉन्टॅक्टर असतो तो मशीन चालवायला. त्याची तोंडं कधीकधी वितळून एकमेकांना चिकटतात, आणि वरून बघणाऱ्याला वाटतं सुटलं. इलेक्ट्रॉनिक स्विचचं तर नावच काढू नका, आत हलणारं काही नसतंच, बंद असतानाही त्यातून करंट झिरपतो. माणसाचा हात आत जाणार असेल तर आयसोलेटर हवा. दांडा खाली ओढला की येणाऱ्या प्रत्येक तारेत फट पडली पाहिजे, आणि त्या दांड्याला आपलं कुलूप लागलं पाहिजे. तो नसेल तर प्लग उपटून डोळ्यांसमोर ठेवायचा. तेही नसेल तर फ्यूज काढून खिशात घालायचा. हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं होतं, की कँटीनमधला आचारीसुद्धा पोळ्यांचं मशीन पुसताना आधी प्लग खांद्यावर टाकायचा आणि ओरडायचा, "तोडलंय हो तोडकर!"

घरीही तेच. मुलगी लहान असताना मिक्सरवरून ओला फडका फिरवत होती. स्विच बंद होता, प्लग भिंतीत होता. तोडकर ओरडले तशी ती म्हणाली, "बंद आहे ना, बाबा." त्यांनी तिच्या थोबाडीत ठेवून दिली. पोरीवर हात उचलण्याची ती पहिली आणि शेवटची वेळ. पुढे कितीतरी दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही, पण पोर मात्र धडा शिकली. इतकी, की कॉलेजच्या मैत्रिणी तिला हॉस्टेलमध्ये इस्त्रीबाई म्हणायच्या, कारण खोलीतून निघताना सगळ्यांच्या इस्त्र्यांचे प्लग ती काढून ठेवायची.

तर असे हे तोडकर, आणि आज ते हात गुडघ्यांवर ठेवून विचार करत बसले होते. कारण हे रंगाईखातं नव्हतं, लेकीचं सासर होतं.

लग्न ठरवायला या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी एक घोळ घालून ठेवला होता. बसल्या बसल्या त्यांचं लक्ष न्हाणीघराच्या दिव्याकडे गेलं. स्विच चुकीच्या तारेवर बसवलाय, दिवा विझला तरी होल्डरमध्ये वीज असते, बल्ब बदलताना कुणीतरी चिकटेल, असं ते सगळ्यांसमोर बोलून गेले. विहीणबाई हसल्या. "व्याह्यांना आमचं घर काही पसंत पडलेलं दिसत नाही," म्हणाल्या. सगळे हसले. तोडकरांची बायको हसली नाही. परतीच्या वाटेवर तिने त्यांना जे काही ऐकवलं ते इथे सांगण्यासारखं नाही. तेव्हापासून या घरी यायचं म्हटलं की उंबऱ्यातच ताकीद मिळायची: तिथे तुमचं ते तोडा-तोडा नको, मुलीचं घर आहे ते.

आज आले होते ते व्याह्यांना बघायला. व्याही ऑपरेशन होऊन नुकतेच घरी आले होते आणि बाहेरच्या खोलीत पंख्याखाली पडून होते. दुपार नुसती तापली होती. चहापाणी झालं, तब्येतीच्या चौकशा झाल्या आणि मग जावई संकोचत म्हणाला, की पंप पाणी चढवत नाहीये, टाकी तळाला गेलीय, मिस्त्री उद्याशिवाय यायचा नाही, बाबा जरा नजर टाकतील का? तोडकरांना काय आनंद झाला म्हणून सांगू! या घरात आपला काही उपयोग आहे, हे इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी म्हटलं होतं. शर्टाच्या बाह्या वर करतच ते अंगणात गेले.

आणि तिथे ही डबी. जावयाने ती स्वतः बसवली होती, हौसेने. मोबाईलवरून पंप चालू, मोबाईलवरून बंद, आणि टाकी रिकामी झाली की आपोआप चालू. ती बसवताना त्याने पंपाचा प्लग कापून टाकला होता आणि वायर सरळ डबीत घातली होती. पंपाला वेगळा ब्रेकरही नव्हता, घराच्याच लाईनवर घेतला होता. म्हणजे तोडायचं तर एकच जागा, बाहेरच्या खोलीतला मेन स्विच. तो बरोबर व्याह्यांच्या उशाशी. तो पाडला की पंखा थांबणार, व्याही जागे होणार, विहीणबाई काय झालं म्हणून येणार. आणि मग तेच, व्याह्यांना आमचं घर पसंत नाही.

तेवढ्यात मुलगी मागच्या दारात आली. तिने डबी पाहिली, बापाचे गुडघ्यांवरचे हात पाहिले आणि तिला न सांगता सगळं कळलं. "बाबा, मी मेन पाडून येते," ती म्हणाली.

"अगं, केलंय ना मी बंद," जावई म्हणाला. तो हसतच म्हणाला, पण तोंड जरासं उतरलं. "माझ्यावर विश्वास नाही का?"

विचारलं बायकोला, बघत होता सासऱ्यांकडे. आयुष्यभर ज्यांनी मॅनेजरची, मालकाची, कुणाची भीड ठेवली नाही, त्यांना त्या क्षणी या पोराचं उतरलेलं तोंड बघवेना.

"नको गं, राहू दे," ते म्हणाले. "वडिलांचा आत्ताच डोळा लागलाय. बंद आहे ना."

मुलगी दारातच उभी राहिली. ऐकू आलं नसावं असं तिने त्यांच्याकडे पाहिलं. मग ती आत गेली.

पंपाच्या झाकणाखाली एक वायर जळून काळी पडली होती. दुखणं सोपं होतं. तोडकरांनी जळका तुकडा कापला, वायरीची टोकं सोलली. स्क्रू गंजला होता, दोन्ही हात लावल्याशिवाय हलेना. म्हणून ते जावयाला म्हणाले, "जरा धरता का एवढं?" जावई ओल्या जमिनीवर गुडघे टेकून बसला आणि त्याने सोललेली टोकं चिमटीत धरली. सासऱ्यांच्या हाताखाली काम करायला मिळतंय याचंच त्याला कौतुक. टाकीत पाणी दिसेना की थोड्या थोड्या वेळाने पंप पुन्हा चालू करून बघायचा, असं त्या डबीला सांगून ठेवलेलं होतं. मोबाईलने तिला थांबवलं होतं, विसर असं कुणी सांगितलं नव्हतं.

हिरवा दिवा लागला. तो तोडकरांनी पाहिला, पण तोंडातून शब्द फुटायच्या आत जावयाचं अंग ताठ झालं होतं आणि गळ्यातून भलताच आवाज निघत होता. बोटं सुटत नव्हती. हात लावायचा नाही एवढं भान तोडकरांना होतं. बाजूचं लाकडी स्टूल उचलून त्यांनी जावयाच्या हातावर हाणलं. त्याच वेळी आत खटकन आवाज झाला आणि घरातले पंखे थांबले. मुलीने मेन पाडला होता. आवाज ऐकून ती बघायला बाहेर आली नव्हती, सरळ मेनकडेच धावली होती.

जावई वाचला. मनगट मोडलं, दोन बोटं भाजली, आणि हृदयाची तपासणी करायची म्हणून डॉक्टरांनी त्याला ठेवून घेतलं. नशीब थोर, असं डॉक्टर, नर्स, वॉर्डबॉय सगळ्यांनी आळीपाळीने सांगितलं. व्हरांड्यातल्या बाकावर तोडकर, त्यांची बायको, विहीणबाई आणि मुलगी अशी ओळीने बसली होती. तोडकरांना वाटत होतं, कुणीतरी आपल्याला चांगलं फैलावर घ्यावं. पण कुणी घेईना. जावयाने आतून निरोप पाठवला, की माझंच चुकलं, डबीचं ऑटो काढायचं राहून गेलं, बाबांना सांगा वाईट वाटून घेऊ नका. विहीणबाई डोळे पुसत म्हणाल्या, "व्याही, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही होतात म्हणून माझं पोर हाती लागलं." तोडकर मेल्याहून मेल्यासारखे झाले.

पण कुणावर तरी राग निघायचाच असतो. विहीणबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्या सुनेकडे वळल्या. आवाजही चढवला नाही.

"एवढी धावत जाऊन मेन पाडलास ना? मग आधीच का नाही पाडलास? तू यांची लेक. आम्हाला नाही कळत, तुला तरी कळायला हवं होतं."

मुलीच्या हातात पाण्याची बाटली होती. तिचं झाकण उघडता उघडता ती थांबली आणि तिने बापाकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. ती फक्त वाट बघत होती.

वाक्य तोडकरांच्या तोंडात तयार होतं. ती म्हणाली होती, मीच नको म्हणालो. एवढंच तर बोलायचं. सगळी आपल्याकडे बघताहेत असं त्यांना वाटलं, खरं तर एकटी मुलगीच बघत होती. त्यांनी तोंड उघडलं आणि म्हणाले, "चहा आणू का कुणाला?"

मुलीने बाटलीचं झाकण परत लावलं. "हो आई," ती सासूला म्हणाली, "चुकलं माझं."

तोडकर चहा आणायला म्हणून जे गेले ते कँटीनच्या रांगेत आपली पाळी येऊनही नुसते उभे राहिले. मागच्या माणसाने विचारलं, काका, घेताय ना? ते बाजूला झाले.

कारखान्यात त्यानंतर त्यांचं काही खरं राहिलं नाही. कुणी मशीन उघडायला लागलं की जुना प्रश्न ओठांवर यायचा आणि तिथेच थबकायचा. ते काही न विचारता मागे जायचे, दांडा खाली आहे का, कुलूप आहे का ते स्वतः बघायचे आणि तसेच परत यायचे. लोकांना वाटलं, तब्येत बरी नसावी. आचाऱ्याने सवयीने "तोडलंय हो तोडकर" म्हणून आरोळी दिली, त्या दिवशी ते अर्धी पोळी पानात टाकून उठले. आपण दुसऱ्यांना काय शिकवणार, हे एकच त्यांच्या डोक्यात फिरत होतं.

शेवटी त्यांनी बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

"ती म्हणाली होती?"

"म्हणाली होती."

"मग दवाखान्यात का नाही बोललात?"

"तूच म्हणालीस ना, तिथे तोडा-तोडा नको."

बायकोने विळी बाजूला सारली. "तोडा-तोडा नको असं म्हटलं होतं मी," ती म्हणाली. "लेकीला तोंडघशी पाडा असं नव्हतं म्हटलं." एवढं बोलून तिने पुन्हा विळी पुढे ओढली.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी तोडकर एकटेच लेकीकडे गेले. पिशवीत नवा आयसोलेटर, पत्र्याची पेटी, वायरीचं वेटोळं आणि हत्यारं. जावई हाताला प्लास्टर घालून बसला होता, व्याही आता उठून बसत होते. विहीणबाईंनी तोंड भरून स्वागत केलं. कशाला एवढा त्रास घेतलात, मिस्त्रीला सांगितलं असतं, आधी चहा घ्या. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "आलात?" म्हणाली. बस्स, तेवढंच.

तोडकरांनी पिशवी खाली ठेवली, पण ते बसले नाहीत.

"विहीणबाई, मला बोलायचंय," ते म्हणाले. "त्या दिवशी हिने मेन पाडते म्हटलं होतं. मीच नको म्हणालो. भिडेपोटी. जावईबापूंना वाईट वाटेल म्हणून. आणि दवाखान्यात तुम्ही हिला बोललात तेव्हा मी तिथेच बसलो होतो, आणि गप्प राहिलो."

जावई म्हणाला, की बाबा, राहू द्या ना आता, मीच तर हट्ट केला होता. व्याही म्हणाले, झालं गेलं. पुन्हा तोच मऊ सूर, पुन्हा तीच समजूत काढायची धडपड. तोडकरांनी मान हलवली.

"नको, राहू देऊ नका," ते म्हणाले. "माझी लाज मला वाटू द्या."

विहीणबाई सुनेकडे बघत होत्या. बाईंच्या चेहऱ्यावरचं ते आतिथ्याचं हसू पार गेलं होतं. "अगं, मग तू का नाही बोललीस?" त्यांनी विचारलं.

मुलीने पदर खोचला आणि बापाकडे न बघता उत्तर दिलं. "मला वाटलं, बाबा बोलतील."

विहीणबाई सुनेजवळ गेल्या, तिच्या दंडावर हात ठेवला, आणि चहाचं आधण बघायच्या निमित्ताने आत निघून गेल्या. आपल्याला जे करायला हवं होतं ते एकदाचं झालं असं तोडकरांना वाटलं, पण हलकं काही वाटलं नाही. ते पिशवी उचलून अंगणात गेले.

पेटी भिंतीला बसवली. वायरी मापून कापल्या. जोडणीची वेळ आली तेव्हा ते मेनकडे जायला वळले, तर मुलगी मागच्या दारात उभी होती. तिने हात पुढे केला. काय हवंय ते त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि त्यांनी खिशातला टेस्टर काढून तिला दिला.

तिने तो आधी स्वयंपाकघरातल्या चालू सॉकेटमध्ये घालून पेटतो का ते पाहिलं. आत जाऊन मेन पाडला. पंखे थांबले. परत येऊन ती पंपापाशी उकिडवी बसली आणि एकेका वायरीला टेस्टर लावू लागली, घाई न करता, त्यांनीच कधीकाळी शिकवलं होतं अगदी तस्संच. एकदा झालं. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

तोडकरांना म्हणायचं होतं, की अगं, मी बघतो. ते म्हणाले नाहीत. भिंतीशी मागे सरकून, हात पाठीशी धरून, तिचं तपासून होण्याची वाट बघत ते उन्हात उभे राहिले.